विजेला जात नसते म्हणे

वीज पडून माणूस मेला की गावात दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, त्याचं भरलं होतं. दुसरं, पायाळू असेल. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेला. त्याच्या अंगावर वीज ओढली जाते, असं आपल्याकडं शेंबडं पोरही सांगतं. बोलणारा शिकलेला असला तर तो तिसरं वाक्य बोलतो, जरा इस्त्री केलेलं: पुराला आणि विजेला जात नसते हो, तिथं सगळे सारखे.

या तिन्ही वाक्यांचं काम एकच. ती बोलून झाली की कुणाला काही करायचं उरत नाही. भरलं होतं म्हटलं की हिशेब वरचा. पायाळू म्हटलं की चूक मेलेल्याची. आणि सगळे सारखे म्हटलं की बोलणारा आपोआप मेलेल्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो, फुकटात. मला या तिसऱ्याची चीड जास्त, कारण ते आपल्यातली पोरंही बोलू लागली आहेत. मीटिंगमध्ये बोलतात. त्यांना वाटतं हे समतेचं वाक्य आहे.

विजेला जात नसते, हे खरंच आहे. ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आदळतात, घासतात, ढगाच्या खालच्या अंगाला ऋण भार साचतो आणि तो जमिनीकडं वाट काढतो. जे उंच, जे एकटं, जे उघडं, ते आधी. ती सातबारा बघत नाही आणि जातीचा दाखलाही मागत नाही. पण प्रश्न विजेचा नाहीच मित्रांनो. दुपारी तीन वाजता उघड्या वावरात कोण असतं, हा प्रश्न आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात जूनमध्ये सरकीची टोबणी, जुलै-ऑगस्टात निंदण, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. विजांचा जोर कधी? पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात, तोही बहुतेक दुपार उलटल्यावर. म्हणजे ढग जेव्हा भरून येतो नेमकी तेव्हाच बायांची रांग तासात वाकलेली असते. लहान कास्तकारही मरतो, त्याचा बैलही मरतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याच्या घराला स्लॅब आहे आणि ज्याला दुपारी घरात असायची मुभा आहे, तो क्वचित मरतो. विजेला जात नसली तरी उन्हातान्हात कोण राबणार याला आहे.

दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्युरो दरवर्षी अपघाती मृत्यूंचे आकडे छापतो. २०२२ साली या देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. निसर्गामुळं मेलेल्यांत दर तिघांत एकाहून जास्त विजेनं. मी या आकड्यापेक्षा त्याच्या रकान्याच्या नावावर अडतो. नाव आहे, निसर्गशक्तींमुळे झालेले मृत्यू. एवढी माणसं आणि मारणारा एकच, निसर्ग. त्याच्यावर केस होत नाही.

आता पाण्याकडं येतो. आपली वर्धा नदी वर मध्यप्रदेशात मुलताईकडं उगम पावते आणि खाली येऊन जिल्ह्याची पश्चिम शीव होते. आपल्या शिवेला लागायच्या आधी तिच्या काठावर मोवाड आहे, नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यात. ३० जुलै १९९१ ला तिथं जो पूर आला त्यात २०४ माणसं गेली. एका गावातून २०४. नंतर ते गाव दुसऱ्या जागी वसवावं लागलं. इकडची म्हातारी माणसं अजून पुराचा विषय निघाला की मोवाडवर येतात.

हीच तारीख पुढं पुन्हा येते. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण हे आदिवासींचं गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला डोंगर खाली आला, दोनशेच्या वर. कुणी ज्योतिषी असता तर या तारखेला अशुभ ठरवून शांतीची दक्षिणा घेतली असती. जुलैचा शेवट म्हणजे पावसाळ्याचा ऐन भर, माती पाण्यानं फुगलेली, एवढंच त्यात आहे. आणि माळीणला राहत कोण होतं, वायनाडला चहाच्या मळ्याच्या खोल्यांत राहत कोण होतं, हे ज्योतिषी कधी सांगत नाही.

पूर अचानक कसा येतो हे आपल्या मातीतून समजून घ्या. चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर ते चार लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, एका एकरातून. हवामान खात्याच्या भाषेत १०० मिलिमीटर म्हणजे नुसता जोरदार पाऊस. २०४ च्या वर गेला की अतिवृष्टीतली सर्वात वरची पायरी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते तोवर पाणी पिते. एकदा फुगली, भेगा मिटल्या, की ती पाणी पीत नाही. पाटीवरून पाणी जावं तसं सारं नाल्याकडं जातं. म्हणून नाल्यावर आभाळ कोरडं असतानाही वरच्या गावातल्या पावसानं नाला फुगतो. पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहू लागला, वरून घोंघों आवाज आला, की थांबून बघत बसायची वेळ गेलेली असते. वणा, धाम, यशोदा, बोर, सगळ्या नद्या अशाच. २०२२ च्या जुलैत हिंगणघाट-समुद्रपूरकडं जे झालं ते तुमच्यातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि नाल्याच्या काठाला वस्ती कुणाची? गावाच्या खालच्या अंगाला कोण? वरचं पाणी वरच्यांचं, हा नियम या देशानं हजारो वर्षं पाळला. महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यासाठीही डोकी फुटली. जे पाणी प्यायला मागून मिळालं नाही, ते न मागता रात्री दोन वाजता चुलीपर्यंत येतं. शहरात आल्यावर वाटलं होतं हे सुटेल. कशाचं सुटतंय. गिरणीच्या गावातही झोपडपट्टी नाल्यालाच, कारण तीच जमीन फुकट.

इथं आपल्यातला एखादा म्हणेल, मग हा सूडच का घेऊ नये? ज्या समाजानं हे पाप केलं त्याला निसर्ग शिक्षा देतो असं का म्हणू नये? हे असं एकदा म्हटलं गेलं आहे, आणि त्याचा धागा आपल्या वर्ध्याशी आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधींनी अस्पृश्यतेविरुद्धचा दौरा सुरू केला तो वर्ध्याहून. दौरा चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधी म्हणाले, ही आपण अस्पृश्यतेचं जे पाप करतो त्याची ईश्वरी शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला उघड हरकत घेतली. निसर्गाच्या घडामोडीला नीतीचा अर्थ लावणं म्हणजे लोकांच्या अंधश्रद्धेला खतपाणी, असा त्यांच्या हरकतीचा गाभा.

गांधींचा हेतू अस्पृश्यता हटवायचा होता, हे मान्य. आणि त्या बाजूनं बोललेलं वाक्य आपल्याला गोडही लागू शकतं. म्हणूनच जपून. भूकंपानं बिहारात मेले कोण? ज्यांनी शिवाशिव पाळली तेवढेच? ज्यांच्यावर पाळली गेली ते नाही मेले? शिक्षा करणारा जर गुन्हेगार आणि ज्याच्यावर गुन्हा झाला तो, दोघांना एकाच भिंतीखाली गाडत असेल, तर तो न्यायाधीश नालायक आहे. त्याला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून बोलवायचं कशाला? आणि एकदा मानलं की निसर्ग पाप बघून मारतो, की मग बाभळीखाली मेलेली आपली बाईही पापीच ठरते. पायाळूचं वाक्य आणि ते वाक्य, दोन्ही एकाच पोटचे.

युरोपात हेच झालेलं आहे. तिथं वादळ आलं की देवळाच्या मनोऱ्यातली घंटा वाजवायचे, वीज पळून जावी म्हणून. गावातली सर्वात उंच जागा, तिथं लोंबणारा ओला दोर आणि तो धरून उभा असलेला माणूस. अठराव्या शतकातल्या एका जर्मन हिशेबाप्रमाणं तेहतीस वर्षांत शंभरावर घंटा वाजवणारे विजेनं मेले. दोर ओढायला मोठा धर्मगुरू वर जात नव्हता, हे सांगायला नको. पुढं फ्रँकलिननं सळई शोधली तर काहींना ती देवाच्या कामात ढवळाढवळ वाटली. आज ती सळई कुठं असते ते मी रोज बघतो. गिरणीच्या चिमणीवर असते. वरून पट्टी खाली येते, जमिनीत पुरलेली. आत साच्याला, मोटारीला, पॅनेलला वेगळं संरक्षण. मशीनचं भरलं होतं, असं कुठला मालक म्हणत नाही. मशीनचं दैव तांब्याच्या पट्टीनं बदलतं, मजुराचं मात्र कपाळावर लिहिलेलं.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत झिडकारला तो एवढ्याचसाठी. गरिबाची गरिबी त्याच्या मागच्या जन्माच्या खात्यावर टाकली की राज्य मोकळं, समाज मोकळा. तो ग्रंथ १९५७ साली त्यांच्या मागं निघाला. पण हाच विचार ते त्याआधी सरकारात बसून करून दाखवत होते, हे आपल्यातल्या थोड्यांना ठाऊक असतं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे-वीज त्यांच्याच खात्यात. १९४३ च्या जुलैत दामोदर नदी फुटली, कलकत्त्याचे रेल्वेमार्ग तुटले. त्यातून जी दामोदर खोरे योजना उभी राहिली तिच्या आखणीत त्यांचा हात होता. १९४८ साली तिचं महामंडळ झालं. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांवरच्या परिषदेत त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं की जास्तीचं पाणी हा शाप नाही, पाण्याच्या अभावानं माणूस जास्त मरतो. नुसते बांध घालू नका, साठवा, वीज करा, जलवाहतूक करा. धरणांनी पुढं कुणाची गावं बुडवली हा वेगळा आणि मोठा विषय आहे. मी इथं एवढंच बघतो की पूर दिसल्यावर या माणसानं आभाळाकडं हात जोडले नाहीत. त्यानं विचारलं, हे कशामुळं आणि कुणाचं काम.

इथवर तुम्ही माना डोलवल्या असतील. आता अवघड भाग.

सरकार काय म्हणतं? सरकार म्हणतं आम्ही इशारा देतो. आणि देतंही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं विजेसाठी 'दामिनी' नावाचं अॅप काढलं आहे, आपल्या आसपास वीज पडतेय का ते सांगतं. मोबाईलवर संदेश येतो: मेघगर्जनेसह विजांच्या कडकडाटाची शक्यता, सुरक्षित ठिकाणी आश्रय घ्या. हे वाईट नाही. मी स्वतः वस्तीतल्या दहा-पंधरा फोनमध्ये ते टाकून दिलं. माझी माय निंदायला जाते. तिला एका संध्याकाळी विचारलं, इशारा आला होता तं काम सोडून घरी काऊन नाही आली? ती चूल फुंकत म्हणाली, आली असती तं अर्ध्या दिवसाची रोजी कोनं देल्ली असती, तुह्या मोबाईलनं?

हा प्रश्न मी गेले कित्येक महिने डोक्यात घेऊन हिंडतो आहे. कारण तिला काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. वीज लवली आणि गडगडाट यायला किती वेळ लागला ते ती मोजते. तीन मोजेपर्यंत आला तर कोसाच्याही आत, हे तिला अॅपवाचून कळतं. ती अज्ञानी नव्हती. तिच्याकडं पर्याय नव्हता. तिच्या सोबतिणीही नव्हत्या सोडून येणार, कारण एकटी उठली की उद्यापासून टोळीत नाव नाही.

मग सुरक्षित राहा असं सांगणं ही नीती आहे का? माझं उत्तर: अर्धीच आहे. ज्या सल्ल्याची किंमत ऐकणाऱ्यानं एकट्यानं मोजायची, तो उपदेश. जो सांगणारा ती किंमत वाटून घेतो, त्याचा निरोप. उपदेशात एक लबाडी लपलेली असते. उद्या ती बाई झाडाखाली मेली की तोच उपदेश करणारा म्हणतो, आम्ही सांगितलं होतं. म्हणजे इशारा तिला वाचवायला दिला नव्हता, स्वतःला वाचवायला दिला होता. पायाळूच्या जागी आता 'सूचनेकडे दुर्लक्ष' आलं. शब्द बदलला, आरोपी तोच.

निरोप काय असतो हे आपल्या जातीला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या या भागात, जुन्या मध्यप्रांतात, गावचा कोटवार बहुतेक आपलाच असायचा. दवंडी त्यानं पिटायची, पाटलाचा सांगावा त्यानं न्यायचा, जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यात त्यानं द्यायची. रात्री-बेरात्री, नाल्याला पूर असो नसो. गावाला जागं ठेवायचं काम आपल्या बापजाद्यांनी केलं, तेही लाथा खाऊन. ते काम टाकून दिलं ते बरंच केलं. पण आपल्या वस्तीला जागं करायला आज कोण येतं?

गिरणीतही हेच बघतो. पहिल्या पाळीला पोचायचं म्हणजे पहाटे निघायचं. वाटेत रपटा. रपट्यावरून पाणी चालू असलं तरी पोरं गाडी घालतात. त्यांना सांगून बघा. वाहतं पाणी घोट्याच्या जरा वर, सहा इंच असलं तरी जोरात असेल तर उभा माणूस पाडतं; दोन फूट असलं तर मोटारी उचलून नेतं, मोटारसायकलची काय कथा. शिवाय गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की खचलाय हे दिसतच नाही. हे सगळं त्यांना पटतं. पण एक खाडा पडला की महिन्याच्या हजेरीचा बोनस जातो. तो बोनस पाण्याच्या जोरापेक्षा जोरात ओढतो. मालक म्हणेल मी कुठं म्हटलं पाण्यात उतर? बरोबर, म्हटलं नाही. म्हणावंच लागू नये अशी ती रचना आहे.

भोपाळ झाल्यावर १९८७ साली कारखाना कायद्यात एक कलम आलं, की धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगाराला समोरचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या कानावर घालायचा त्याला हक्क आहे. किती जणांनी तो वापरला असेल देव जाणे. पण कागदावर तरी आला. तोही हजारो मेल्यावर. वावर मात्र कारखाना नाही. तिथं भोंगा नाही आणि पाळीही नाही. हिशेब मी करून पाहिला. वीज पडून माणूस मेला तर सरकार वारसाला ४ लाख रुपये देतं. अर्ध्या दिवसाची निंदणाची रोजी शंभराच्या आसपास धरा. चार लाखांत असे चार हजार अर्धे दिवस बसतात. एक मेलेली बाई सरकारला चार हजार जिवंत दुपारींना पडते. आणि तरी एका दुपारीचे शंभर द्यायला या राज्यात कुणाच्या खात्यात रकाना नाही.

तर कार्यकर्ता म्हणून माझं म्हणणं असं. हे काम आपलं नाही, हे तहसीलदाराचं काम, आपण अत्याचाराच्या केसेस बघू, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. दोन्हीत फरक कुठं आहे? २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर प्रेतं उचलायला सफाई कामगार आणले ते कोणत्या समाजाचे होते ते बघा, आणि मदत छावण्यांत दलितांना पाण्याच्या टाकीपासून कसं हाकललं तेही बघा. पूर ओसरल्यावर पंचनाम्यात कुणाचं घर 'अंशतः' पडतं आणि कुणाचं 'पूर्णतः', हे बघायला तलाठ्याच्या सोबत आपला एक पोरगा वही घेऊन हिंडलाच पाहिजे.

आणि मागणी एकदम साधी: गडगडाट ऐकू आला की काम बंद, रोजी पूर्ण. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईस्तोवर वावरात पाय नाही. ही मागणी एका बाईनं केली तर ती कामचुकार ठरते. एका गावातल्या सगळ्या टोळ्यांनी एकाच दिवशी केली तर तो दर ठरतो. निंदणाच्या भरात कास्तकारालाही मजूर कुठून मिळतात! लहान कास्तकाराला हे जड जाईल, ते मला दिसतं. म्हणून ती रोजी सरकारनं भरून द्यावी ही दुसरी मागणी तिच्याच पाठीला बांधायची, त्याच्यासोबत मोर्चा काढायचा. तोवर काय? तोवर वस्तीत महिन्याला दहा-दहा रुपये जमवून विजेच्या दिवसाचा एक डबा करता येतो. थोडाच पुरेल. पण तेवढी किंमत वाटून घेतली की मग आपण मायला घरी ये म्हणायच्या लायकीचे होतो.

तिसरं म्हणजे समाजमंदिराची आणि विहाराची किल्ली. पुष्कळ वस्त्यांत स्लॅबची इमारत ती एकच असते आणि तिची किल्ली अध्यक्षाच्या खिशात, अध्यक्ष वर्ध्याला. पावसाळाभर ती किल्ली नाल्याच्या सर्वात जवळच्या घरात राहिली पाहिजे. नाल्याच्या पुलाला रंगानं खूण करा. पाणी त्या खुणेला लागलं की म्हातारी, लेकरं आधी उठवायची, मग कागदाची पेटी, मग भांडी. धरणाचे दरवाजे उघडणार असले तर निरोप कुणाच्या फोनवर येतो ते आत्ताच, कोरड्या दिवसात, तहसीलला जाऊन लिहून घ्या आणि त्यात आपल्या वस्तीतलं एक नाव घाला. पोलीस पाटलाच्या घरापासून आपल्या घरापर्यंतचं अंतर आपल्याला माहीत आहे.

वावरातलं थोडं अजून. झाडाखाली का जाऊ नये, हे बायांना नुसतं सांगू नका, कारण सांगा. झाडावर पडलेली वीज झाडातून बाजूच्या माणसावर उडी मारते, आणि जमिनीतूनही पसरते. पाय लांब-लांब असले तर एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. जनावरं म्हणूनच जास्त मरतात, त्यांचे पुढचे-मागचे पाय लांब. पूर्ण टोळी एका झाडाखाली म्हणजे एका झटक्यात पूर्ण टोळी. पत्र्याचा मांडव, वावरातली खोपडी यांचा उपयोग नाही. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठता येत नसेलच तर एकमेकींपासून दूर व्हायचं, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. हे वाचवीलच असं नाही. घर गाठणं हाच उपाय, म्हणून वर रोजीचं एवढं बोललो.

आणि एक गोष्ट मुद्दाम शेवटाला ठेवली. वीज लागून पडलेल्या माणसाला लोक शिवत नाहीत. वाटतं त्याच्या अंगात करंट असेल, आपल्यालाही लागेल. काही भागांत त्याला शेणात गाडतात, छत्तीसगडात हे घडलेलं आहे, आणि त्यात जाणारी ती दहा मिनिटं त्याचा जीव घेऊन जातात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. पुष्कळदा फक्त हृदय थांबलेलं असतं, श्वास थांबलेला असतो. त्याला ताबडतोब शिवायचं. १०८ ला फोन दुसऱ्यानं करायचा. आपण त्याला पाठीवर पालथा नाही, उताणा ठेवायचा, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगानं दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत, हात भरून आले तर दुसऱ्यानं घ्यायचं. पण आभाळ अजून गडगडत असेल तर आधी त्याला आडोशाला ओढून न्या. येत्या मीटिंगला एक उशी घेऊन या, तिच्यावर शिकता येतं. बायांनाही बोलवा, वावरात सोबत त्याच असतात.